पाचव्या डाऊनवर मिळालेला विजय कोलोराडोने परत करायला हवा होता

मैदानवेडा
अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला किंवा गोलरेषा गाठायला चार डाऊन मिळतात, म्हणजे चार प्रयत्न. ६ ऑक्टोबर १९९० ला मिसूरीच्या मैदानावर कोलोराडो विद्यापीठाला पाच मिळाले. मिसूरी ३१-२७ ने पुढे, कोलोराडो रेषेपासून तीन यार्डांवर, अर्धं मिनिट उरलेलं. पहिल्या डाऊनला कोलोराडोचा क्वार्टरबॅक (चेंडू घेऊन चाल सुरू करणारा खेळाडू) चार्ल्स जॉन्सनने घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटला. दुसऱ्याला त्यांचाच एरिक बिएनिमी चेंडू घेऊन धावला, अडला. मग टाइमआउट, आणि इथेच डाऊनची पाटी बदलायची राहिली. तिसऱ्याला बिएनिमी पुन्हा अडला. चौथ्याला जॉन्सनने पुन्हा चेंडू आपटला. सामना संपला होता! पण पाटीवर तीनच होते. पाचव्यावर टचडाऊन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार, निकाल कोलोराडो ३३-३१.

बिग एटने, म्हणजे दोन्ही विद्यापीठं ज्या स्पर्धा-संघटनेत होती तिने, सातही पंचांना बेमुदत निलंबित केलं, निकाल मात्र तसाच ठेवला. त्या मोसमात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मतदानात कोलोराडो राष्ट्रीय विजेता ठरला. १९४० मध्ये कॉर्नेल विद्यापीठानेही डार्टमथला पाचव्या डाऊनवर ७-३ हरवलं होतं. फिल्म पाहिल्यावर त्यांनी विजय सोडला. आज नोंद डार्टमथ ३-० अशी आहे. कोलोराडोने हेच करायला हवं होतं.

डोंगरवाट
साफ असहमत. जॉन्सनने दुसऱ्यांदा चेंडू आपटला तो पाटीवर तिसरा डाऊन दिसत होता म्हणून. पाटी बरोबर असती तर तिथे त्याने गोलसाठी खराखुरा प्रयत्न केला असता. कॉर्नेलचा चौथ्या डाऊनचा पास खरोखर फसला होता. कोलोराडोचा चौथा प्रयत्न पंचांच्या चुकीने वाया गेला. मग त्यांनी विजय का सोडावा?

मैदानवेडा
मुद्दा वजनदार आहे, पण चार मोजणं संघाचंही काम आहे. आणि प्रशिक्षक बिल मॅकार्टनी सामन्यानंतर काय बोलले? मैदान घसरडं होतं, ही तक्रार! मिसूरीच्या पोरांच्या हातातला सामना गेला, त्याबद्दल तेव्हा चकार शब्द नाही. खेद व्यक्त केला तो कित्येक वर्षांनी.

शिट्टी
निकाल मागाहून फिरवायला लागलात तर थांबणार कुठे? २००६ मध्ये ओरेगॉनने ओक्लाहोमाला ३४-३३ हरवलं, त्यात ऑनसाइड किकचा (चेंडू पुन्हा आपल्याकडेच मिळवायला मारलेल्या छोट्या किकचा) निर्णय रिप्ले पाहूनही चुकला. ओरेगॉनची संघटना पॅक-१० ने चूक कबूल केली, पंचांना एका सामन्यासाठी बसवलं. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सामना नोंदीतूनच काढा म्हटलं, ते झालं नाही. योग्यच झालं. शिट्टी वाजली की निकाल लागला, हे पक्कं नसेल तर दर सोमवारी नवा खटला उभा राहील.

मैदानवेडा
किकला चेंडू आधी कोणाला लागला, यात पंचाची नजर चुकू शकते. त्याला मी निकाल फिरवा म्हणणार नाही. डाऊन चार की पाच, यात नजरेचा प्रश्नच नाही. शिवाय बिग एटने निकाल बदलावा असं मी म्हणतच नाहीये. कॉर्नेलवर कोणत्या नियमाने सक्ती केली होती? कोलोराडोला तोच रस्ता मोकळा होता.

डोंगरवाट
कॉर्नेलचा तो चौथ्या डाऊनचा पास खाली पडला होता. माझं उत्तर तिथेच आहे.