आई पाहुणी धरायची का?

बी विंगचा व्हॉट्सॲप ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे
रविवार, २ मे २०२१

सेक्रेटरी: नमस्कार. आपल्याकडे कोरोनाच्या अ‍ॅक्टिव्ह केसेस ६ झाल्या. पाचाच्या वर गेलं की सरकारी आदेशाप्रमाणे सोसायटी मायक्रो कंटेन्मेंट झोन धरतात. गेटवर बोर्ड लागलाय. पाहुणे, मावश्या, पेपरवाला सगळं बंद. पार्सल गेटवरून घ्या. नियम मोडला तर पहिला दंडच १०,००० आहे.

५०३: दादा, माझी आई उद्या साताऱ्याहून येतेय. भाऊ गाडीने सोडून लगेच परत जाईल. पोलिसांचा ई-पास मिळालाय, आईची आरटीपीसीआर निगेटिव्ह आहे. वॉचमनला तेवढं सांगून ठेवाल का?

७०१: सहा केसेस असताना दुसऱ्या जिल्ह्यातून माणूस आणायचा? आम्ही मुलीच्या लग्नाला सख्ख्या भावाला बोलावलं नाही.

३०२: काका, २५ माणसांचाच नियम होता, त्यात तुमचे सहा तर भिशीवाले होते 😄

७०१: विषय बदलू नका.

५०३: काका, तुमची भीती मला कळते. मला तर तुमच्यापेक्षा जास्त आहे. पण एक दिवस सांगते. हे बँकेत, त्यांना सुट्टी नाही, सकाळी ८ ला बाहेर. ९ ला मुलाचं ज्युनियर केजी माझ्या फोनवर, साडेनऊला माझी मीटिंग लॅपटॉपवर. परवा मी साहेबांना पाच मिनिटं काहीतरी समजावत होते आणि शेजारून हा ओरडतोय, आई, तू म्यूटवर आहेस! मावशी बंद. एकोणतिसावा आठवडा आहे, वाकून फरशी पुसता येत नाही, मग पायाखाली फडकं घेऊन घरभर घसरत फिरते. मुलाला वाटतं नवीन खेळ आहे. तो दाराशी टीव्हीचा रिमोट घेऊन उभा असतो, बाबा आले की कपाळाला लावून म्हणतो, ३६.४, जा आत.

काल दुपारी पोटरीत गोळा आला. उठताच येईना. हाक मारली तर पठ्ठ्याने पाणी आणलं, भातुकलीच्या कपात. चार वर्षांचा आहे, तेवढंच त्याच्या हातात मावतं.

आई पाहुणी म्हणून येत नाहीये. आल्या आल्या कणीक तीच मळणार आहे.

१०२ काकू: अगं, काल हाक मारली असतीस तर. सेक्रेटरी साहेब, मी ३२ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, म्हणून बोलते. सातव्या महिन्यातल्या बाईला दिवसभर एकटं ठेवणं ही काळजी नव्हे. आईने पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं, बाहेर येताना मास्क, खिडक्या उघड्या. आईचा लसीचा एक डोस झालाय ना?

५०३: हो काकू, एप्रिलमध्ये झाला.

१०२ काकू: छान. कालपासून १८ च्या पुढच्यांना सुरू झाली तरी गरोदर बाईला अजून देत नाहीत. म्हणजे घरात आजूबाजूच्यांनी घ्यायची. आणि १०२ नंबर फोनमध्ये ठेव. गरोदर बाईसाठी ती ॲम्ब्युलन्स फुकट असते. माझ्या फ्लॅटचाच नंबर, विसरणार नाहीस.

६०४: काकू, आमच्या पिल्लूला आज ६ आठवडे झाले. लसीला आत्ता नेऊ का? सासूबाई म्हणतात लाट ओसरू दे.

१०२ काकू: मुळीच थांबू नकोस. पेंटा, पोलिओ, रोटा, ६, १० आणि १४ आठवड्यांना. पेंटा डांग्या खोकल्यावरही असते, आणि तो आपली लाट बघून येत नाही. फोन करून वेळ ठरव, सकाळी पहिला नंबर घे.

३०२: काकू, ते ऑक्सिमीटरचं पण सांगा ना सगळ्यांना.

५०३: सांगू नका 🙈

१०२ काकू: सांगते, उपयोगाचं आहे. हिचं डोहाळजेवण व्हिडिओ कॉलवर झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, बोटांना गडद नेलपॉलिश. रात्री नवऱ्याने सहज मशीन लावलं तर ऑक्सिजन ८८! तो चपला न घालता खाली आला माझ्याकडे. मी म्हटलं, आधी एका बोटाचं पॉलिश पूस, हात चोळून गरम कर, मग लाव. ९८ आलं. गार बोटांनाही चुकतं. पण पुसूनही ९५ च्या खाली राहिलं तर वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन.

सेक्रेटरी: कमिटीशी बोललो. ५०३ च्या आईंना परवानगी. त्यांना पाहुणे धरू नये.

७०१: माझा विरोध लिहून घ्या.

सोमवार, ३ मे

५०३: आली! पण पाऊण तास गेटवर. एमएच-११ ची गाडी बघून वॉचमनदादांनी बॅरिकेडच ओढलं. रजिस्टरमध्ये दोनच रकाने, पाहुणे आणि कामवाली. पाहुणे लिहायचं नाही असं त्यांना सांगितलेलं. शेवटी आईच म्हणाली, कामवाली लिहा हो, खोटं कुठे आहे.

३०२: 😂😂

५०३: आणि दादा, त्यांनी चटणीच्या पिशवीवर सॅनिटायझर मारलाय. शेंगदाण्याच्या चटणीला दवाखान्याचा वास येतोय.

शनिवार, ३ जुलै

१०२ काकू: ५०३, बातमी बघितलीस? कालपासून गरोदर बायकांनाही लस. बाळाला अंगावर पाजणाऱ्यांना मे मध्येच सुरू झाली होती.

५०३: बघितली काकू. अडतिसावा आठवडा लागलाय, सोमवारी डॉक्टरांना विचारते. नाहीतर बाळंतपणानंतर.

७०१: त्या साताऱ्याच्या बाई अजून आहेत ना?

५०३: आहेत काका. का हो?

७०१: टँकरचा हिशोब माणशी लावतोय. ५०३ ला तीन लिहिलेत. चार पाहिजेत.

५०३: पंधरा दिवस थांबा काका, एकदम पाचच लिहा.