तीन पायांची कुत्री दत्तक घेतोय: गोचीड, गोधडी आणि दिवाळी याबद्दल सल्ला हवा

नमस्कार मंडळी. आमचा शेरू गेल्या पावसाळ्यात गेला. गोचीडताप झाला, प्लेटलेट्स उतरत गेल्या. डॉक्सीसायक्लिन चालू होतं, सलाइन लावल्या, पण वय झालेलं, मूत्रपिंडांनी साथ सोडली. गावठीच होता. आईने कोशिंबिरीसाठी काकडी चोचवायला घेतली की अंगणाच्या कुठल्याही टोकाला असो, येऊन उंबऱ्यावर हनुवटी टेकायचा. देठाकडचा तुकडा त्याचा ठरलेला. आई अजूनही तो तुकडा बाजूला काढते आणि मग कावळ्याला घालते.

आता साताऱ्याजवळ हायवेवर गाडीखाली सापडलेली एक कुत्री आम्ही बघून आलोय. पुढचा डावा पाय खांद्यापासून काढावा लागलाय. वय दोन-तीन असावं. नसबंदी झालीय, कानाला खाच आहे, रेबीजची आणि नाइन-इन-वनची लस दिलीय. तिला सांभाळणाऱ्या ताईंनी घर बघितलं, फॉर्म भरून घेतला. आम्ही गेलो तेव्हा ती ताईंच्या मागे लपली, पण निघताना माझ्या चपलांचा बराच वेळ वास घेत राहिली. मला ती हवीच आहे. बाबांचीही ना नाही.

अडलंय ते असं. आमचं घर जुनं, दगडी भिंतींचं. शेरूला ज्या गोचिडांनी नेलं त्या फटीत अजून असतील ही धास्ती मनातून जात नाही. पावडर मारून झाली, तेवढ्याने भागतं का?

दुसरं, शेरूची गोधडी. आजीने शिवलेली. आईने ती अजून धुतलेली नाही. आई म्हणते नव्या पोरीला तीच घालू, उबेला बरी. बाबा म्हणतात, ती त्याची आहे, त्याचीच राहू दे. दोघांचंही मला पटतं, त्यामुळे मी मध्येच अडकलेय.

शिवाय घरभर शहाबादी फरशी, ती सटकेल का? आणि दिवाळी तोंडावर आहे, आत्ता आणावं की थांबावं? पुढचा पाय नसलेलं कुत्रं ज्यांनी सांभाळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
आमच्याकडे असाच एक होता, पुढचा उजवा पाय नव्हता. आठ वर्षं मजेत जगला.

गोचिडांचं आधी. रक्त पिऊन झालं की त्या अंगावरून गळतात आणि भिंतीवर चढून फटीत शिरतात. एकेक मादी हजारोंनी अंडी घालते, आणि उपाशी गोचीड महिनोन्‌महिने तग धरते. त्यामुळे पावडर पुरत नाही. फटी सिमेंटने लिंपून घ्या, अगदी आढ्यापर्यंत. फवारणी पशुवैद्याला विचारूनच करा, आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक अजिबात नको, मांजराच्या जिवावर बेततं. कुत्रीला गोचिडांची गोळी मिळते. फ्लुरालॅनरची एक गोळी साधारण तीन महिने चालते, पण तिला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणायच्या आधी रक्त तपासून घ्या. एर्लिकिया, म्हणजे गोचीडतापाचा जंतू, वरवर ठणठणीत कुत्र्यातही लपून असतो.

गोधडी न धुता तिला देऊ नका. आईंचं मन धुवायला होत नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवा. मी हे जबाबदारीने सांगतेय, कारण आमच्या पहिल्या कुत्र्याचा पट्टा आजही माझ्या कपाटात आहे. नवीला त्या ताईंकडचं तिचं रोजचं अंथरूण मागून आणा. अनोळखी घरात तिला स्वतःचा वास हवा, शेरूचा नाही.

कुत्र्याच्या वजनाचा जवळपास साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. तो आता एकाच पायावर येतोय. म्हणून तिला सडपातळच ठेवा, लाडाने भात वाढवत जाऊ नका. नखं वेळेवर कापा. उठण्या-बसण्याच्या आणि ताटलीच्या जागी रबरी मॅट घाला. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस घ्या, म्हणजे तोल गेला तर धरता येतं. तीन पायांसाठी बेतशीर मिळतो, नाहीतर नेहमीचा निसटतो.

आणि फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत वाजतात, त्यानंतरच आणा. घाबरून पळालेलं नवं कुत्रं परत कुठे यायचं हेच त्याला ठाऊक नसतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. गोधडी बांधून ठेवायचं तिनेच ठरवलं, आणि नवीसाठी जुन्या सुती साडीची दुसरी शिवायला घेतलीय. गवंडीकाका रविवारी येतायत. ताईही तुळशीच्या लग्नापर्यंत सांभाळायला तयार आहेत, तोवर आम्ही तिला भेटायला जात राहू. एकच शंका उरली: रबरी मॅटऐवजी काथ्याची चटई चालेल का, की तिच्यात नखं अडकतात?