व्यक्तिनिहाय तक्त्यामुळे संघाचा उत्साह ओसरला आहे, काय करावे?

प्रश्न: आमच्या संघात जिरा (Jira) हे कामांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर वापरात आल्यापासून प्रत्येकाने किती स्टोरी पॉइंट पूर्ण केले याचा तक्ता दर आठवड्याला वरिष्ठांकडे जातो, आणि तेव्हापासून सहकारी अवघड कामे घेण्यास कचरू लागले आहेत. सॉफ्टवेअर न सोडता उत्साह कसा टिकवावा?

उत्तर १: तो तक्ता प्रथम बंद करावा. स्टोरी पॉइंट हा कामाच्या आकाराचा संघाने मिळून केलेला अंदाज असतो; त्यावरून माणसाचे मूल्यमापन होऊ लागले की अंदाज फुगतात आणि सहकाऱ्याला मदत करण्यात गेलेला वेळ कुठेच दिसत नाही. माझ्या मते हे दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे.

उत्तर २: सहमत. शिवाय जिराच्या कामांच्या फलकावरील ‘चालू’ स्तंभातील कामांच्या संख्येवर मर्यादा घालावी. टोयोटाच्या कारखान्यांतून आलेल्या कानबान या कामे फलकावर मांडून हाताळण्याच्या पद्धतीतला हा नियम पाळला, तर मर्यादा भरल्यावर नवे काम न उचलता अडलेले काम सर्वांनी मिळून सोडवावे लागते आणि अवघड काम एकट्याच्या गळ्यात राहत नाही.

उत्तर ३: वरिष्ठांना त्या तक्त्याऐवजी काम सुरू झाल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा कालावधी दाखवावा, जिराच्या कंट्रोल चार्ट या आलेखात तो उपलब्ध असतो.