'अँटिमायक्रोबियल कोटिंग': लेप, मुलामा की आणखी काही?

भाषांतरिका: एका विज्ञान मासिकासाठी लेख मराठीत करते आहे. विषय आहे शरीरात बसवायच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांमधल्या सिलिकॉनवरचं अँटिमायक्रोबियल पॉलिमर कोटिंग. मी 'जंतुनाशक बहुवारिक लेप' लिहिलं. संपादकांनी 'लेप' खोडून 'मुलामा' केलं. लेप लावून धुऊन टाकतात, असं त्यांचं म्हणणं. मला मुलाम्यात खोटेपणाचा वास येतो. काय ठेवू?

पाषाण_रोड: लेपच ठेवा. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीचा वज्रलेप कुणी धुऊन टाकायला करत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे.
मला खटकतं ते 'जंतुनाशक'. असे थर दोन जातींचे असतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या पाणी धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनं आणि जीवाणू सहज चिकटत नाहीत. तिथे मरत कुणीच नाही. चतुर्थक अमोनियम गट असलेला थर मात्र मारतो. त्याच्यावर धन प्रभार, जीवाणूच्या पटलावर ऋण, आणि पटलच फाटतं. पहिला जंतुरोधक, दुसरा जंतुनाशक. तुमच्या लेखात कोणता आहे?

भाषांतरिका: दोन्ही! एकाच थरात.

कसबेकरीण: मग कल्हई म्हणा ना. तांबट आळीत वाढलेय मी. पितळी पातेल्यात ताक कळकू नये म्हणून कल्हई. अन्न आणि धातू यांच्यामधला पडदा. आणि कल्हईवाला जो नवसागर टाकतो, तो अमोनियम क्लोराइड. इथेही अमोनियमच निघालं!

पाषाण_रोड: नवसागराचं काम इथल्यापेक्षा उलट आहे. तो भांड्यावरचा ऑक्साइड काढतो, मग कथील धरतं. सिलिकॉनवर हवेनेच एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर येतो आणि इथे तो हवाच असतो. त्याच्यावरच्या हायड्रॉक्सिल गटांना सिलेनचे रेणू बांधतात आणि त्या रेणूंना पॉलिमर.

देवनागरीप्रेमी: कल्हई अरबीतून आलेला, मुलामाही तिथलाच. 'लिप्' धातूपासून 'विलेपन' तयार असताना उसनवारी कशाला? सावरकरांनी दिनांक, महापौर दिले नसते तर आज आपण तारीख आणि मेयरच म्हणत बसलो असतो.

कसबेकरीण: तारीख आजही सगळे म्हणतात. माझ्या आजीच्या तोंडी विलेपन कधी आलं नाही, कल्हई रोज यायची. तिच्यापेक्षा अस्सल मराठी कुठून आणायची?

दहावी_विज्ञान: 'बहुवारिक' बदलू नका, पाठ्यपुस्तकातला आहे. मुलं विचारतात तेव्हा मी 'वारंवार'मधला वार दाखवते. तोच घटक पुन्हापुन्हा. लगेच कळतं.

देवनागरीप्रेमी: व्युत्पत्ती तशी आहे का? मूळ ग्रीक शब्दात 'भाग' आहे, 'वेळा' नाही.

पाषाण_रोड: एक महत्त्वाचं राहिलं. लेखात सिलिकॉन आणि सिलिकोन वेगळे ठेवा. सिलिकॉन मूलद्रव्य, चिपमधलं. सिलिकोन हा रबरासारखा पॉलिमर, पेसमेकरच्या तारांवर वेष्टण म्हणून असतो. एका मात्रेच्या घोळाने वाचकाला वाटेल की रबराला लेप देताहेत.

भाषांतरिका: हे बरं झालं, मी दोन ठिकाणी तपासते. आणि क्रियापद? लेप 'देतात', मुलामा 'चढवतात'. पण आमच्या लेखात साखळ्या पृष्ठभागावरूनच वाढवल्या आहेत. 'लेप वाढवला' कसं लिहू?

कसबेकरीण: कल्हई 'करतात'. आणि झिजली की 'उडाली' म्हणतात. शरीरात हा थर झिजत असेल तर त्यालाही शब्द लागेलच.

पाषाण_रोड: झिजतो. सिलेनचे बंध पाण्यात हळूहळू तुटतात.

नगरचा_पाहुणा: आमच्याकडे कल्हई 'लावतात'. 'करतात' मी पुण्यातच ऐकलं.

कसबेकरीण: लावतात ते रंग. कल्हई करतात. घरी फोन करून विचारा एकदा.