मदत हवी आहे: ऑक्सिजन सेन्सर कमी पॉवरवर चालतोय, पण रीडिंग ऑक्सिजनचं की तापमानाचं तेच कळत नाहीये

नमस्कार मंडळी, इथे गॅस सेन्सर किंवा मायक्रोफॅब्रिकेशनवर काम केलेलं कोणी असेल तर प्लीज बघा.

एमटेकचा प्रोजेक्ट आहे. मॅनहोलमध्ये नाहीतर बायोगॅसच्या टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या खिशाला लावता येईल असा छोटा ऑक्सिजन अलार्म करायचाय. गॅल्व्हॅनिक सेल (रासायनिक क्रियेने स्वतःच करंट देणारा ऑक्सिजन सेन्सर) माहितीये, त्याला वीज लागत नाही, पण आत शिसं असतं आणि ते दोनेक वर्षांत संपतं, म्हणून गाईड म्हणाले सेमीकंडक्टरवाला करून बघ. तर सिलिकॉन नायट्राइडचा पातळ मेम्ब्रेन (पडदा), त्यावर प्लॅटिनमचा हीटर, वर टायटॅनियम डायऑक्साइडची फिल्म आणि तापमान ४०० अंश. हीटर सतत चालू ठेवला तर २० मिलिवॉट खातो, म्हणजे सीआर२०३२ (बटणासारखा छोटा) सेल दीड दिवसात झोपणार (तेही कागदावर, एवढा करंट तो धड देत पण नाही). म्हणून पल्स देतोय, मेम्ब्रेन काही मिलिसेकंदात तापतो त्यामुळे हीटर फक्त १ टक्का वेळ चालू, सरासरी ०.२ मिलिवॉट. इथपर्यंत मस्त.

घोडं अडलंय ते पुढे. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, अलार्म १९.५ ला वाजायला हवा. या फिल्मचा रेझिस्टन्स ऑक्सिजनच्या दाबाच्या साधारण पाव घाताने (१/४ पॉवर) बदलतो, म्हणजे एवढ्या फरकाला बदल जेमतेम पावणेदोन टक्के! आणि ॲक्टिव्हेशन एनर्जी (तापमानाने रेझिस्टन्स किती झपाट्याने बदलतो ते ठरवणारा आकडा) १ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरली तर ४०० अंशाला नुसता १ अंश इकडेतिकडे झाला तरी अडीच टक्के फरक. म्हणजे नुसती वाऱ्याची झुळूक आली तरी अलार्म. काय करू? मटेरियल बदलू की सर्किट?

प्रतिसाद १
दोन्ही. आधी हीटरला ठरावीक व्होल्टेज देणं बंद करा, प्लॅटिनमचा रेझिस्टन्स मोजून तो स्थिर ठेवा, हीटर हाच तुमचा थर्मामीटर. त्याच मेम्ब्रेनवर शेजारी डोप्ड सेरियाचा (दुसरं मूलद्रव्य थोडं मिसळलेल्या सेरियम ऑक्साइडचा) रेझिस्टर टाका, तो आयन-वाहक (त्यात वीज इलेक्ट्रॉनऐवजी आयन वाहून नेतात) असल्याने हवेत ऑक्सिजन कमीजास्त झाल्याने हलत नाही, तापमानाने मात्र हलतो, मग दोघांचा रेशो घ्या. फक्त दोन्हींची ॲक्टिव्हेशन एनर्जी जवळपास हवी, त्यामुळे सेन्सिंग फिल्मपण सेरियाचीच, पण डोप न केलेल्या, केलेली बरी. दुसरा रस्ता म्हणजे ३५ टक्के लोह घातलेला स्ट्रॉन्शियम टायटनेट, याचा रेझिस्टन्स तापमानाने जवळजवळ बदलतच नाही, पण ७०० अंशांच्या वर. तुमचा हीटर तिथे टिकेल का?

प्रतिसाद २
मॅनहोल म्हटलं की मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड आलेच. ते पण रेझिस्टन्स खालीच आणतात, ऑक्सिजन कमी झाल्यासारखाच. अलार्म वाजला तर बिघडत नाही म्हणा, माणूस वर येईल, पण त्या आकड्याला ऑक्सिजनची टक्केवारी म्हणू नका. आणि टेस्टिंग गॅस चेंबरमध्येच करा, कोणाला खाली उतरवून नको.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांना! ७०० अंशाला प्लॅटिनमखालचा टायटॅनियमचा थर दगा देईल असं वाटतंय, त्यामुळे रेशोवालंच करतो. सेरियाची फिल्म स्पटर करावी (व्हॅक्युममध्ये अणू उडवून थर बसवणं) की सोल-जेलने (द्रावण लावून भाजणं), कोणी केलंय का?