स्टार आणि वायकॉम एक झाले, आपल्या जिल्ह्याच्या लोकल केबल चॅनलचं काय? मराठवाड्यातल्या लोकांनी बोला

मांजराकाठ (लातूर)

१४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्सचं वायकॉम१८ आणि डिस्नेचं स्टार इंडिया एक झालं, ७०,३५२ कोटींची कंपनी, शंभराच्या वर चॅनल, स्टार प्रवाह त्यांच्याकडं आणि कलर्स मराठी पण त्यांच्याकडं (स्पर्धा आयोगाने मंजुरी देताना जे सात चॅनल विकायला लावले त्यात कलर्स मराठीचं नाव होतं). तेव्हापासून बघतोय, चर्चा एकतर आयपीएल कुठं दिसणार याची नाहीतर ॲपचे पैसे किती याची. आपल्या गावातल्या केबलवर जे लोकल चॅनल लागतं, मोंढ्यातले भाव, नगरपालिकेची सभा, गणपतीची मिरवणूक दाखवणारं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

हे विलीनीकरण लोकल चॅनलला हात लावत नाही, ते चॅनल ज्याच्या जिवावर चालतं त्या केबलवाल्याला संपवतं, एवढंच माझं म्हणणं आहे. बघा ना, चॅनल विकणारा रिलायन्स. हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांचा ताबा २०१८ च्या सौद्यात त्याच ग्रुपकडं गेलेला, म्हणजे चॅनल घरापर्यंत नेणारा पण तोच. केबल तोडून माणूस ज्या मोबाईल डेटाकडं जातो तो विकणारा पण तोच. गिऱ्हाईक कुठंही गेलं तरी पैसा एकाच गल्ल्यात पडतो, मग गल्लीतला केबलवाला टिकला काय न टिकला काय, त्यांचं काय अडलंय?

आणि लोकल चॅनल म्हणजे काय ते २०१६ साली ज्यांनी लातूर बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, दिल्लीपासूनचे कॅमेरे स्टेशनवर. पण घरात प्रश्न काय होता, तर टँकर आपल्या प्रभागात कोणत्या वारी येणार आणि कुठं उभा राहणार. ते केबलच्या लोकल चॅनलवर खाली पट्टी पळायची त्यात यायचं. माझी आई भाकरी थापता थापता ओरडायची, आपला नंबर आला का बघ रे पट्टीत, आणि आम्ही पट्टी परत फिरून येईस्तोवर टीव्हीपुढून हलायचो नाही. ही बातमी कोणतं नॅशनल चॅनल देणार?

कयाधू (हिंगोली)

दादा, आईची गोष्ट पटली, पण बाकीचं नाही पटलं. लोकल चॅनलला मारलं ते मोबाईलने, आणि ते विलीनीकरणाच्या लै आधी. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये, त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्याकडं टपरीवर बसलेला म्हातारा पण मोबाईलवर बातम्या बघायला लागला. पेड डीटीएचवाले २०२१ साली जवळपास ७ कोटी होते ते २०२४ संपताना ६ कोटींच्या खाली आले, मग त्यांना पण केबल कंपनीने मारलं का? लोकांना टीव्हीच नको झालाय.

दुसरं, झी आणि सोनीचं विलीनीकरण तर २२ जानेवारी २०२४ ला मोडलं, सोनीने करार रद्द केला. मोडल्यामुळे कोणत्या जिल्ह्यातलं लोकल चॅनल वाचलं ते सांगा बरं.

आणि लोकल चॅनल कामून एवढं डोक्यावर घेताय तेच कळंना. आमच्याकडं जे होतं त्यावर दिवसभर काय चालायचं? भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कोचिंग क्लासच्या जाहिराती, मधी एक जुना पिक्चर. निवडणुकीत तर ज्याचा पैसा त्याचीच सभा. पाणी सात-आठ दिवसाला यायचं तेव्हा नगराध्यक्षाला एक प्रश्न विचारलेला मी त्या चॅनलवर कधी बघितला नाही. असलं चॅनल बंद पडलं तर रडायचं कशाला?

डिश ते फायबर (परभणी जिल्हा, केबल धंद्यात)

दोघांनी पण केबलवाल्याच्या वतीने बोलून घेतलं, आता जो खांबावर चढतो त्याचं ऐका.

पहिला घाव डिजिटायझेशनचा. औरंगाबादला (आताचं संभाजीनगर) २०१३ च्या मार्चमध्ये सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आमच्यासारख्या शहरांना डिसेंबर २०१५ ची मुदत, खेड्यांना मार्च २०१७. त्याच्या आधी माझी स्वतःची कंट्रोल रूम होती, छतावर डिश, खाली मॉड्युलेटर (चॅनल वायरवर सोडायचं यंत्र), आणि एक चॅनल मोकळं ठेवलं की झालं लोकल चॅनल. डिजिटलचं हेडएंड, म्हणजे सिग्नल तयार करून सोडायचं केंद्र, टाकायची आमची ऐपत नव्हती, मग सगळ्यांनी मोठ्या एमएसओचा, म्हणजे आमच्यासारख्यांना सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीचा फीड घेतला. त्या दिवसापासून माझ्याच गावाच्या चॅनलला बॉक्सवर नंबर द्यायचा का नाही हे दुसऱ्या शहरातला माणूस ठरवायलाय, आणि नंबर पाहिजे तर महिन्याचे पैसे भरा.

दुसरा घाव पैशाचा. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायची (टीव्ही आणि फोनवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेची) नवी पद्धत आली, नेटवर्कचे जास्तीत जास्त १३० रुपये (ही मर्यादा २०२४ मध्ये काढली) आणि चॅनलचे वेगळे. वेगळा करार नसला तर त्या १३० चे ५५ टक्के एमएसओचे, ४५ टक्के आमचे, म्हणजे ५८ रुपये ५० पैसे. त्यात वायर, खांबाचं भाडं, वसुलीचा पोरगा, वीज पडून जळालेलं ॲम्प्लिफायर, सगळं. चॅनलचे पैसे तर वरच्या वर जातात, त्यातलं कमिशन तेवढं मिळतं आणि ते पण एमएसओसोबत वाटून. कॅमेरामनला पगार द्यायचा ठरवलं तर त्या ५८ रुपयांतूनच.

आता कयाधू भाऊ, विलीनीकरणाने काय फरक पडतो म्हणता ना? फेब्रुवारी २०२३ आठवा. नव्या दराच्या करारावर सही केली नाही म्हणून स्टार, झी आणि सोनी तिघांनी मोठ्या केबल कंपन्यांचे सिग्नल बंद केले होते, केबल कंपन्यांच्या संघटनेने साडेचार कोटी घरांचा आकडा सांगितला होता. माझ्या दारात बाया आल्या भांडायला, मालिका कुठंय म्हणून. मी कुणाकुणाला ट्रायचा कायदा समजावू? तेव्हा तीन वेगळ्या कंपन्या होत्या तरी केबलवाल्यांना झुकावं लागलं. आता त्यातली एक अजून मोठी झाली, प्रवाहच्या मालिका आणि क्रिकेट दोन्ही तिच्याकडं. उद्या ती म्हणाली हाच पॅक घ्या, तर नाही म्हणणारा मी कोण?

ओहायोतला नांदेडकर

इकडचं सांगतो, कारण इकडं हा प्रकार उघडा दिसतो. अमेरिकेत गावोगावी परवाना असलेली खरी टीव्ही स्टेशनं आहेत, त्यांचा स्वतःचा टॉवर, स्वतःची न्यूजरूम. सिंक्लेअर नावाच्या कंपनीने अशी ढीगभर स्टेशनं घेतली आणि २०१८ मध्ये त्यातल्या कितीतरी स्टेशनांच्या निवेदकांकडून एकच मजकूर शब्दाला शब्द वाचून घेतला. कुणीतरी ते सगळे व्हिडिओ शेजारी शेजारी लावले, डझनावारी माणसं एकाच सुरात एकच वाक्य बोलतायत. लोकांना वाटत होतं आपल्या ओळखीचा माणूस आपल्या गावची बातमी सांगतोय. त्याच वर्षी त्यांचा ट्रिब्यून कंपनी घ्यायचा ३.९ अब्ज डॉलरचा सौदा मोडला, पण मग नेक्सस्टारने २०१९ मध्ये ट्रिब्यून घेतली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये टेग्नासाठी ६.२ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला. एका मालकाची स्टेशनं देशातल्या ३९ टक्क्यांपेक्षा जास्त घरांपर्यंत जाऊ नयेत असा नियम आहे, आणि कंपन्या तोच काढा म्हणून मागं लागलेल्या.

कयाधू (हिंगोली)

भाऊ, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलं. तिकडं विकत घ्यायला स्टेशन होतं, न्यूजरूम होती, म्हणून विलीनीकरणाने नुकसान झालं. आपल्याकडं जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही दाखवायचा हक्क फक्त दूरदर्शनला, खाजगी स्टेशन कधी होऊच दिलं नाही. हिंगोलीला, बीडला, धाराशिवला टीव्ही स्टेशन होतं का कधी? जे नव्हतंच ते मुंबईतल्या सौद्याने कसं मेलं? भांडायचं असेल तर त्यावर भांडा, की एवढ्या मोठ्या मराठवाड्याला स्वतःचं एक धड टीव्ही चॅनल कामून मिळालं नाही.

केजची बाई

नव्हतंच असं म्हणू नका. २००० साली ईटीव्ही मराठी सुरू झालं ते हैदराबादहून, आणि आमच्या भागातल्या बातम्या मी पहिल्यांदा सॅटेलाईट चॅनलवर बघितल्या त्या तिथंच. मग ते विकलं गेलं, २०१५ ला कलर्स मराठी झालं, २०२४ ला परत विकायच्या यादीत आलं. प्रत्येक वेळी मालक बदलला की आपला भाग अजून एक पाऊल मागं सरकतो, मालिकेतलं घर पुण्या-मुंबईचं आणि आपल्याकडचं बोलणारा माणूस दाखवलाच तर हसवायला.

माझ्या शाळेतल्या बहुतेक लेकरांच्या घरी फ्री डिश आहे, महिन्याचे पैसे नाहीत म्हणून. त्यावरून मोठ्या कंपन्यांनी आपले फुकटचे हिंदी चॅनल एप्रिल २०२२ ला काढून घेतले. म्हणजे यांना जिथं पैसे मिळत नाहीत तिथं हे थांबत नाहीत, हे आपण बघितलेलं आहे. तिथं सह्याद्री अजून आहे. म्हैसमाळच्या टॉवरवरून दूरदर्शन बघत आम्ही मोठे झालो, तेव्हा निदान सगळ्यांना एकच दिसायचं, गरिबाला पण आणि सावकाराला पण.

सीनाकाठ (परांडा)

२०२५ च्या सप्टेंबरमधला पूर आठवून बोला सगळ्यांनी. आमच्या तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. लाईट गेलेली, केबल बंद, टॉवरला रेंज येऊन जाऊन. त्या वेळी लोकल चॅनल काय कामाचं होतं असं कयाधू विचारतील, बरोबर आहे, नव्हतंच कामाचं. पण मोबाईलचं काय झालं ते पण सांगतो. मेसेजवर मेसेज, धरण फुटलं, पळा, सोबत कुठल्यातरी दुसऱ्याच धरणाचा जुना व्हिडिओ. माझ्या चुलत्याने रात्री जनावरं सोडून दिली त्या व्हिडिओपायी, त्यातली एक म्हैस परत मिळाली नाही. यूट्यूबवर माईक धरणारे आमच्याकडं ढीगभर झालेत, पण खोटं निघालं तर पकडायचं कुणाला? केबलवाल्याचं दुकान माहीत असतं, त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं.

डिश ते फायबर (परभणी जिल्हा, केबल धंद्यात)

दारात उभं राहायचं म्हणता म्हणून एक सांगतो. नोव्हेंबर २०२२ ला केंद्राचे नियम आले लोकल चॅनलसाठी. नोंदणी एका चॅनलला १,००० रुपये, ते ठीक, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवा, ते पण ठीक. पण लोकल बातम्या दाखवायच्या तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला पाहिजे. आमच्यासारखे दुकानाच्या पाटीवर धंदा करणारे गेले की मग बाहेर. जबाबदारी पाहिजे हे मान्यच, पण त्यामुळं बातमीचा हक्क पण मोठ्यांच्याच हातात गेला.

मांजराकाठ (लातूर)

कयाधू, तुम्ही वाढदिवसाच्या जाहिरातीवर बोललात, ते खरंय आणि मी झाकणार नाही. पण तसं कामून झालं ते वर परभणीच्या भाऊंनी सांगितलंय. ५८ रुपयांत वायरच ओढून होत नाही, मग बातमीचा खर्च पुढाऱ्याकडून निघतो. प्रश्न विचारणारा पत्रकार ठेवायला पैसा लागतो आणि तो पैसा गिऱ्हाईकाच्या बिलात असतो, पण बिलातला मोठा वाटा वरच्या चॅनलला जातो. विक्रेता जितका मोठा तितका तो वाटा वाढवून घेऊ शकतो, हीच माझी भीती.

मोबाईलने मारलं म्हणता, तर मोबाईलवर पण तेच आहेत ना. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओ सिनेमा आणि हॉटस्टारचं एकच ॲप केलं. म्हणजे टीव्ही सोडून लोक मोकळ्या मैदानात गेले असं नाही, एका दुकानातून त्याच मालकाच्या दुसऱ्या दुकानात गेले.

स्पर्धा आयोगाच्या अटी वाचल्या तर जोर कशावर, क्रिकेटच्या जाहिरातींचे दर अवाच्या सवा वाढवू नका, टीव्हीच्या आणि ॲपच्या जाहिराती एकात एक बांधून विकू नका, आणि सात चॅनल विका. म्हणजे मोठ्या जाहिरातदाराची काळजी घेतली. गंजगोलाईतला साडीवाला जो लोकल चॅनलवर दिवाळीची जाहिरात द्यायचा, त्याला ती जाहिरात द्यायला चॅनलच उरलं नाही तर तो कुठं जाणार, याचा हिशोब कुणी केला? माझी मागणी फार मोठी नाही. जी कंपनी चॅनल पण विकते आणि केबल पण चालवते, तिने तिच्या केबलवर प्रत्येक जिल्ह्याच्या एका लोकल बातम्यांच्या चॅनलला फुकट नंबर द्यावा, आणि छोट्या ऑपरेटरांना पाच-दहा जणांनी मिळून कंपनी काढायला सरकारने मदत करावी.

कयाधू (हिंगोली)

फुकट नंबरची मागणी मला मान्य आहे, पण एका अटीवर, त्या चॅनलचा मालक नगरसेवक, आमदार किंवा त्यांचा मेव्हणा नसावा, आणि हे कागदावर लिहून पाहिजे. नाहीतर कंपनीकडून घेऊन पुढाऱ्याला दिल्यासारखं होईल. विलीनीकरणाने लोकल चॅनल मेलं हे मी अजून पण मानत नाही, ते आधीच आजारी होतं. नगरपालिकेची सभा पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधी न कापता, एकदा दाखवा. मी घरातला सेट टॉप बॉक्स कपाटावर टाकून ठेवलाय, त्या दिवशी काढून जोडतो आणि बिल पण भरतो.

डिश ते फायबर (परभणी जिल्हा, केबल धंद्यात)

सभागृहात कॅमेरा लावू देत नाहीत भाऊ, मागं विचारलं होतं, तोंडी नाही म्हणाले. माहितीच्या अधिकारात परवानगीचा नियम मागवायचा असेल तर अर्ज मी करतो, हिंगोलीचा तुम्ही करा, लातूरचा मांजराकाठ दादा करतील. उत्तरं आली की इथंच टाकू.