नॉर्वेतील वीज-पाण्याविना असलेल्या डोंगरी केबिनमध्ये कुटुंबासह राहण्याबाबत

पाऊलवाट:
नमस्कार. आम्ही गेल्या वर्षापासून ओस्लोत राहतो. सप्टेंबरच्या अखेरीस पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि मी असे तिघेजण डीएनटी या पर्यटन संघाच्या एखाद्या स्वयंसेवा केबिनमध्ये दोन रात्री राहावे, असे मनात आहे. बर्गनच्या रेल्वेने फिन्सेला उतरून हार्डांगरविद्दाच्या पठारावर चालत जाण्याचा विचार आहे. तिथे वीज नाही, नळ नाही आणि देखरेखीला माणूसही नसतो, एवढेच समजले आहे. आम्ही शाकाहारी आहोत. प्रत्यक्षात तिथला दिवस कसा जातो, कोणती कामे स्वतः करावी लागतात आणि लहान मुलीला घेऊन जाणे कितपत योग्य ठरेल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

उत्तरवारा:
डीएनटीची स्थापना १८६८ साली झाली आणि आज देशभरात तिच्या साडेपाचशेहून अधिक केबिन आहेत. त्यांचे तीन प्रकार आहेत: कर्मचारी असलेल्या, स्वयंसेवा आणि सेवाविरहित. स्वयंसेवा केबिनमध्ये सरपण, गॅस, भांडी, रजया, उशा आणि कोरड्या व डबाबंद अन्नाची कोठी असते. सेवाविरहित केबिनमध्ये अन्न नसते. बहुतेक कुलूपबंद केबिनना एकच सामाईक किल्ली चालते आणि ती सदस्यांनाच मिळते, त्यामुळे आधी सदस्यत्व घ्या. कोठीतले जे घ्याल त्याची नोंद स्वतःच करायची आणि मुक्कामाच्या शुल्कासह पैसे भरायचे. तपासायला कोणी नसते, तरीही ही पद्धत टिकून आहे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे नोंदवहीत नावे, कुठून आलात आणि पुढे कुठे जाणार, हे लिहिणे. कोणी वेळेवर परतले नाही, तर शोधपथक आधी हीच वही पाहते. त्यानंतर धुराड्याची झडप उघडून शेगडी पेटवा आणि एकाने बादल्या घेऊन ओढ्यावर जावे. अंधार पडल्यावर ओल्या दगडांवरून भरली बादली आणणे धोक्याचे असते, म्हणून स्वयंपाक, भांडी आणि सकाळचा चहा एवढ्यांचे पाणी उजेडातच भरून ठेवावे. शेगडीत निखारे लाल असेपर्यंत झडप पूर्ण बंद करू नये, कारण विषारी वायू खोलीत साचू शकतो. त्याला ना रंग असतो ना वास.

निघण्याच्या दिवशीची कामे अधिक महत्त्वाची. लाकडे फोडून पेटीत भरावीत, बारीक ढलप्या शेगडीजवळ ठेवाव्यात, थंड झालेली राख सांगितलेल्या जागीच टाकावी, जमीन पुसून काढावी, गॅस आणि खिडक्या बंद कराव्यात आणि आपला सगळा कचरा पाठीवर परत न्यावा. हे सरपण हिवाळ्यात बर्फावरच्या वाहनांनी किंवा हेलिकॉप्टरने तिथे पोहोचवलेले असते, म्हणून शेगडी दिवसभर भगभगती ठेवू नये. तुमच्यानंतर कोणी भिजून, गारठून दाराशी आले, तर हाताशी कोरड्या ढलप्या असणे त्याच्यासाठी फार मोलाचे असते.

रानजाई:
जेवणाबद्दल लिहिते. कोठीत ओट्स, भात, पास्ता, कुरकुरीत राई-पाव, चहा-कॉफी असे बरेच काही मिळू शकते, पण डब्यांत मांस-मासेच जास्त असतात, म्हणून मुख्य जेवण घरूनच न्यावे. सुमारे १२०० मीटर उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. तूरडाळ कुकरशिवाय शिजता शिजत नाही आणि कुकर पाठीवर वागवणे व्यर्थ आहे. मसूर किंवा मूगडाळ न्यावी. माझा भरवशाचा पदार्थ म्हणजे पिठले. बेसन घरीच मंद आचेवर खमंग भाजून त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि तेलात कुरकुरीत परतून गार केलेला लसूण मिसळून पिशवी भरते. तिथे उकळत्या पाण्यात ते वैरत राहिले की भात निवायच्या आत पिठले तयार होते. शिवाय सामाईक खोलीत फोडणीचा ठसका उठत नाही, कारण इतर पाहुणेही त्याच खोलीत बसलेले असतात. मुलीसाठी मेतकूट आणि तुपाची छोटी डबी विसरू नका.

शौचालय बाहेर, वेगळ्या खोपटात आणि कोरडे असते. रात्री जाण्यासाठी प्रत्येकाचा डोक्याला बांधायचा दिवा हवा. ओले रुमाल वापरलेत, तर ते खड्ड्यात न टाकता बंद पिशवीत परत आणावेत. रजईत शिरण्यासाठी चादरीची पिशवी स्वतःची न्यावी लागते.

डोंगरयात्री:
वरच्या दोघांशी सहमत आहे, पण मूळ बेतच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फिन्से स्थानक १२२२ मीटरवर आहे आणि तिथून पठारावरच्या पुढच्या केबिनपर्यंतची वाट मोठ्या माणसालाही पूर्ण दिवस पुरते. सप्टेंबरच्या अखेरीस तिथे बर्फ पडू शकतो, दगडांवर रंगवलेली लाल टी ही खूण झाकली जाते आणि काही ओढ्यांवरचे उन्हाळी पूल हिवाळ्यापूर्वी काढून ठेवतात. ते काढण्याची तारीख तुमच्या बेताच्या दिवसांतच येऊ शकते.

दोन-तीन तासांत गाठता येईल अशी, झाडीच्या पट्ट्यातली केबिन निवडा आणि दोन्ही रात्री तिथेच राहा. म्हणजे मधल्या दिवशी मुलीला पाणी आणणे, ढलप्या रचणे, नकाशा वाचणे यांत मनापासून भाग घेता येईल. कागदी नकाशा आणि होकायंत्र न्याच, कारण फोनला अनेक ठिकाणी रेंज नसते आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. निघण्यापूर्वी वाट आणि परतीची वेळ कोणाला तरी कळवून ठेवा. नॉर्वेच्या डोंगरनियमांत वेळेत माघारी फिरण्यात लाज नाही, असा एक स्वतंत्र नियमच आहे. मुलगी बरोबर असताना तो सर्वांत आधी पाळायचा.

पाऊलवाट:
सर्वांचे मनापासून आभार. फिन्सेचा बेत पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला आहे आणि ओस्लोजवळच्या जंगलातली केबिन शोधतो आहोत. एकच शंका उरली आहे: आम्ही पोहोचलो आणि सगळे पलंग भरलेले असले, तर?

उत्तरवारा:
शक्य असेल तिथे आगाऊ नोंदणी करा, म्हणजे पलंग निश्चित मिळतो. नोंदणी नसली तरी डोंगरातून चालत आलेल्याला रात्री दारातून परत पाठवत नाहीत. जादा गाद्या जमिनीवर अंथरून सगळ्यांची सोय केली जाते. तुम्ही झोपलेले असताना कोणी उशिरा आले, तर तुम्हीही त्यांना जागा करून द्या, आणि शेगडीवर कोमट पाण्याचे पातेले असले, तर ते कुठे आहे तेवढे सांगा.